अण्वस्त्रवाहू पाणबुडी : नुसतं लपून बसायचं काम?

खोलदरिया

फेब्रुवारी २००९. तीन आणि चार तारखेच्या मधल्या रात्री अटलांटिक महासागरात फ्रान्सची 'ल त्रिओंफां' ही पाणबुडी पाण्याखाली कशावर तरी आदळली. फ्रेंच संरक्षण खात्याने आधी सांगितलं की बहुधा जहाजावरून पडलेला कंटेनर असावा. दहा-बारा दिवसांनी उलगडा झाला : तो कंटेनर म्हणजे ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' होती. एक १३८ मीटर लांब, दुसरी १५० मीटर. दोन्हींवर सोळा-सोळा क्षेपणास्त्रनळ्या, दोन्हींत अणुभट्टी, दोन्ही नाटोतल्या मित्रदेशांच्या. उत्तमातले उत्तम सोनार (आवाजावरून पाण्याखालचं हुडकणारी यंत्रणा) बसवलेल्या या बोटींना अंगाला अंग घासेपर्यंत एकमेकींचा पत्ता नव्हता. फ्रेंच बोटीचा सोनारचा घुमट चेपला, ब्रिटिश बोटीवर पोचे आणि ओरखडे आले, माणसं सुखरूप. दोघीही स्वतःच्या बळावर आपापल्या तळावर परतल्या.

पेपरांनी 'केवढा हा निष्काळजीपणा' असा सूर लावला. मला वाटतं दोन्ही बोटी आपलं काम इतकं चोख करत होत्या की त्यातून हा अपघात झाला.

ते काम काय, यासाठी हा धागा. आधी एक घोळ निस्तरू, कारण बातम्यांत तो कायम होतो. अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी वेगळी आणि अण्वस्त्रं वाहणारी वेगळी. पहिलीला नौदलाच्या बोलीत एसएसएन म्हणतात. ती शिकारी : शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या हुडकणं, मागावर राहणं, टॉर्पेडो मारणं. दुसरी एसएसबीएन. भट्टी हिच्यातही असते, पण हिच्या पोटात लांब पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं असतात आणि हिचा स्वभाव बरोब्बर उलटा. दूरवर कुणाची चाहूल लागली की ही वाट बदलते. तिच्या कॅप्टनला शाबासकी मिळते ती 'कुणालाच दिसलो नाही' याबद्दल.

जमिनीतल्या क्षेपणास्त्र-विहिरींचे अक्षांश-रेखांश शत्रूकडे असतात. बॉम्बफेकी विमानांच्या धावपट्ट्या उपग्रहातून दिसतात. त्यामुळे संकटकाळात दोन्ही बाजूंना एकच मोह होतो, आपण आधी मारलं तर समोरच्याकडे काही उरणारच नाही. समुद्रात एक बोट जरी बेपत्ता असली तरी हा हिशेब फसतो. प्रतिहल्ला होणारच हे माहीत असलं की पहिला घाव घालण्यात राम राहत नाही. अण्वस्त्रांची जरब म्हणतात ती ही.

अमेरिकेला याची इतकी घाई होती की पहिली बोट नव्याने बांधायचा वेळच नव्हता. गोदीत एक शिकारी पाणबुडी अर्धवट तयार होती. तिचा सांगाडा मधोमध कापून त्यात चाळीसेक मीटरचा क्षेपणास्त्रांचा भाग घुसवला. तीच 'जॉर्ज वॉशिंग्टन'. २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलारिस क्षेपणास्त्र डागलं आणि नोव्हेंबरात सोळा क्षेपणास्त्रं घेऊन पहिल्या गस्तीवर गेली. १९६७ पर्यंत अशा ४१ बोटी झाल्या. (पाणबुडीवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सर्वात आधी सोडलं ते रशियनांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये. पण त्यांना पृष्ठभागावर यावं लागलं होतं, म्हणजे लपण्याचा मुद्दाच निकालात.)

चर्चा नेहमी क्षेपणास्त्र केवढं आणि त्यावर किती अण्वस्त्रं मावतात याचीच होते. माझं म्हणणं असं की ते आकडे दुय्यम आहेत. बोट सापडते की नाही ते पाहा. आणि ती सापडणार की नाही हे कारखान्यात, गोदीत आणि बंदराच्या तोंडाशी ठरतं, भर समुद्रात नंतर. बोला मंडळी.

नुसताच_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. दोन पाणबुड्यांची टक्कर हे माहीतच नव्हतं!

शंकासुर

लेख छान, पण एक खुंटी हलवून बघतो. बोट कुणालाच सापडत नाही म्हणता, मग तिच्या स्वतःच्या सरकारला ती कशी सापडते? रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. निरोप पोचलाच नाही तर जरब कसली? आणि शत्रूने पहिल्याच फटक्यात राजधानी उडवली तर हुकूम द्यायला उरलं कोण?

बिनतारी

शंकासुरराव, हा माझ्या आवडीचा प्रांत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सरकारला बोट सापडावीच लागत नाही. तिच्यापर्यंत आवाज पोचला की पुरे. किनाऱ्यावरून निरोप सतत प्रसारित होत असतो, बोट फक्त ऐकते. उलट उत्तर द्यायचं नाही, कारण आपण तोंड उघडलं की शत्रूचे कान टवकारतात. त्यामुळे नेमकी कुठे आहे हे गस्तीवर गेलेल्या बोटीतल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक असतं.

आता लहरी. नेहमीचा रेडिओ पाण्यात शिरत नाही हे खरं, पण वारंवारता जितकी कमी तितकी लहर खोल उतरते. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी दहा-वीस मीटरपर्यंत पोचतात. त्यासाठी किनाऱ्यावर शेकडो मीटर उंच मनोऱ्यांचं रान उभारावं लागतं. बोट स्वतः खाली राहते आणि मागे एक लांबलचक तरंगती तार सोडते, ती पृष्ठभागाच्या जरा खाली राहून ऐकते. तार बाहेर असली की वेग आणि खोली दोन्हींवर बंधन येतं, ही त्याची किंमत.

त्याहून खोल जायचं तर वारंवारता अजून उतरवायची. अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत ७६ हर्ट्झचं प्रक्षेपण केंद्र चालवलं होतं. त्या लहरीची लांबी जवळपास ४,००० किलोमीटर! एवढा अँटेना बांधणार कोण? म्हणून जिथला खडक वीज फारशी वाहू देत नाही अशी जागा शोधून कित्येक किलोमीटर तारा ताणल्या, टोकं जमिनीत पुरली आणि खुद्द त्या खडकाचाच अँटेना करून टाकला. पण वेग इतका मंद की तीन अक्षरांचा संकेत पोचायला मिनिटंच्या मिनिटं जायची. म्हणजे त्यावरून हुकूम जायचा नाही, 'वर ये आणि नीट ऐक' एवढाच इशारा. २००४ मध्ये ते बंद केलं. रशियनांचं असंच केंद्र कोला द्वीपकल्पात आहे, ८२ हर्ट्झचं.

राहिला तुमचा राजधानीचा प्रश्न. मनोरे काय, पहिल्या तासातच जातील. त्यासाठी अमेरिकेकडे ई-६बी नावाची विमानं आहेत, जुन्या बोईंग ७०७ च्या सांगाड्यावरची. हे विमान मागे आठेक किलोमीटर लांबीची तार सोडतं आणि मग एका अंगावर कलून इतक्या लहान वर्तुळात घिरट्या घालतं की तारेचा खालचा भाग जवळजवळ उभा लोंबकळायला लागतो. तार उभी झाली की ती मनोऱ्याचं काम करते. विमान पडेल की काय असं वाटण्याइतक्या कमी वेगात वैमानिकाला हे साधावं लागतं. अब्जावधी डॉलरच्या बोटी, अणुभट्ट्या, क्षेपणास्त्रं, आणि शेवटी सगळं एका लोंबत्या तारेवर!

काठावरचा

बिनतारी साहेब, दंडवत घ्या.

सरकारच उरलं नाही तर काय, यावर ब्रिटनचा तोडगा भन्नाट आहे. नवा पंतप्रधान पदावर आला की त्याच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे चार पत्रं स्वतःच्या हाताने लिहिणं. चारही पाणबुड्यांच्या कॅप्टनांना एकेक, मजकूर तोच. पत्र बोटीवरच्या तिजोरीतल्या आतल्या तिजोरीत जातं. देश नष्ट झाला, पंतप्रधान आणि त्याने नेमलेला पर्यायी माणूसही गेला अशी खात्री पटली तरच ते उघडायचं. पत्रात काय असू शकतं याबद्दल चार पर्याय सांगितले जातात : बदला घ्या, घेऊ नका, तुमच्या बुद्धीला पटेल ते करा, किंवा मित्रदेशाच्या हुकमतीखाली जा. पंतप्रधान बदलला की जुनी पत्रं न वाचता नष्ट करतात. म्हणजे कुणी काय लिहिलं होतं ते जगाला कधीच कळत नाही. जेम्स कॅलाहन यांनी मात्र पुढे एका मुलाखतीत सांगून टाकलं की वेळ आली असती तर आपण ते केलं असतं, पण मग स्वतःला कधी माफ करू शकलो नसतो.

देश उरलाय की नाही हे तपासायच्या खुणांमध्ये बीबीसीचं सकाळचं रेडिओ प्रक्षेपण चालू आहे का हेही असतं म्हणे. खरंखोटं नौदल जाणे.

शंकासुर

बघा, म्हणजे शेवटी भिस्त एका तिजोरीवर आणि एका कॅप्टनवर. ब्रिटिश बोटींना तर बाहेरून संकेत आल्याशिवाय उघडणारच नाही असं कुलूपसुद्धा नाही, आतल्या आत ठरवून डागता येतं. मला याचीच भीती वाटते. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेचप्रसंग. सोव्हिएत 'बी-५९' पाणबुडी पाण्याखाली अडकलेली, बॅटरी संपत आलेली, आत उकाड्याने माणसं कोसळतायत, मॉस्कोशी संपर्क नाही आणि वरून अमेरिकन विनाशिका सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकतायत. कॅप्टन सावित्स्कीला वाटलं युद्ध सुरू झालं. त्याच्याकडे अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो होता हे अमेरिकनांना माहीतही नव्हतं. वासिली अर्खिपोव नावाचा अधिकारी बोटीवर होता आणि त्याने कॅप्टनला शांत केलं म्हणून निभावलं. तुम्ही ज्याला न सापडणं म्हणता त्याची दुसरी बाजू ही : जो कुणाला सापडत नाही, त्याला कुणी आवरूही शकत नाही.

खोलदरिया

शंकासुर, बी-५९ चा दाखला योग्य, पण तो उलटा वाचून बघा. ती डिझेल-विजेवर चालणारी बोट. बॅटरी भरायला वर यावंच लागणार, म्हणजे ती सापडणारच होती. तिला घेरलं, कोंडलं आणि घाबरवलं. शिवाय टॉर्पेडो हे लढाईतलं हत्यार, कॅप्टनला ते वापरायची घाई होऊ शकते. 'वापरा नाहीतर गमवा' ही अवस्था सापडलेल्या बोटीची असते. भर समुद्रात कुणाच्याही नजरेत नसलेल्या एसएसबीएनच्या कॅप्टनला कसलीच घाई नसते. निरोप आज आला नाही तर उद्याची वाट बघेल, भट्टी चालतेय, हवा-पाणी बोटीतच तयार होतंय.

त्या गोळ्यांबद्दल थोडं अवांतर. हे नुसते 'वर या' असे इशारे आहेत, असं वॉशिंग्टनने मॉस्कोला आधी कळवलं होतं. बोटींपर्यंत ते पोचलंच नाही असं दिसतं. म्हणजे बिनतारींचाच मुद्दा पुन्हा.

कुलपाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. अमेरिकेनेही आपल्या बोटींवर बाहेरून संकेत मागवण्याची व्यवस्था १९९० च्या दशकात कुठे आणली. तोवर तिथेही बोटीवरच्या अनेक जणांनी एकमताने करायच्या कृती हाच काय तो लगाम होता.

यंत्रघर

मी आयुष्यभर मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, पाणबुडीत कधी नाही. पण आवाजाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे आवाजाची फिकीर कुणाला? पंप थेट पायाला बोल्ट मारून बसवायचा, कंप सांगाड्यातून पाण्यात गेला तर गेला. पाणबुडीत नेमका तोच रस्ता तोडतात. टर्बाइन, जनित्र, पंप हे सगळं एका मोठ्या तराफ्यावर बसवायचं आणि तो तराफा रबरी आधारांवर सांगाड्यापासून सुटा ठेवायचा. पाइपांना मध्ये मध्ये लवचीक जोड. बाहेरून रबरासारख्या फरशा चिकटवायच्या, त्या आतला आवाज दाबतात आणि बाहेरून आलेली सोनारची हाक गिळतात. अणुभट्टीतलं पाणी फिरवणारे पंप हे आवाजाचं मोठं घर. अमेरिकेच्या ओहायो वर्गात भट्टी अशी रचलीय की कमी वेगात गरम पाणी वर, गार खाली या नैसर्गिक अभिसरणावरच काम भागतं, पंप बंद. गस्तीचा वेग असतो तरी किती? ताशी आठ-दहा किलोमीटर.

मग राहतो पंखा. पंखा जोरात फिरला की पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात, तो आवाज मैलोन् मैल जातो. पात्यांचा आकार केसभर चुकला तरी बोट गुणगुणायला लागते. १९८० च्या दशकात तोशिबाच्या एका उपकंपनीने आणि नॉर्वेच्या काँग्सबर्गने सोव्हिएत संघाला अशी पाती कापणारी मोठी संगणकनियंत्रित यंत्रं चोरून विकली. १९८७ मध्ये ते फुटलं तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेस सदस्यांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडून फोटो काढून घेतले. सोव्हिएत बोटी शांत व्हायला लागल्या त्या आधीपासूनच, पण एवढा थयथयाट एका मिलिंग मशीनवरून झाला, यातच काय ते समजा. आपल्या बोटी किती सहज ऐकू येतात हे रशियनांना कळलं त्यात जॉन वॉकर या अमेरिकन नौदलातल्या घरभेद्याचाही हात होता. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत सतराएक वर्षं तो गुप्त संदेश उलगडायच्या किल्ल्या त्यांना विकत होता.

खोलदरिया कारखान्यात ठरतं म्हणाले ते म्हणून पटलं.

कालिंदी

धागा मस्त रंगलाय. मला माणसांबद्दल विचारायचंय. भट्टीला वर्षानुवर्षं इंधन लागत नाही, हवा-पाणी आत तयार होतं, मग बोट परत का येते? आणि आतल्यांना घरचं काही कळतं का?

काठावरचा

कालिंदीताई, परत येते ती अन्न संपतं आणि माणसं थकतात म्हणून. प्राणवायू पाण्यातून विजेने वेगळा काढतात, कर्बवायू रसायनात शोषून बाहेर टाकतात. धान्य मात्र समुद्रात पिकत नाही. अमेरिकेत प्रत्येक बोटीला दोन पूर्ण चमू असतात, एक 'निळा' आणि एक 'सोनेरी'. सरासरी ७७ दिवस गस्त, मग ३५ दिवस डागडुजी, चमू बदलला की बोट पुन्हा बाहेर. बोटीला सुट्टी नाही, माणसांना आहे.

घरचा निरोप फक्त येतो, जात नाही. ब्रिटिश बोटींवरच्या माणसांना घरचे लोक आठवड्याला मोजक्या शब्दांचा संदेश पाठवू शकतात आणि तो आधी तपासला जातो. घरात मृत्यू झाला असेल तर ती बातमी बहुधा गस्त संपेपर्यंत राखून ठेवतात. निघण्याआधीच 'अशी बातमी आली तर सांगायची का' हे माणसाला विचारून ठेवतात असंही वाचलंय. सांगून करणार काय, परत फिरता तर येत नाही.

कालिंदी

बाप रे. युद्धाच्या गप्पांत हा भाग कुणी सांगत नाही.

अणुरेणू

उशिरा आलो. पल्ल्याचा मुद्दा कुणी काढला नाही, आणि लपण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

पोलारिसचा सुरुवातीचा पल्ला होता २,२०० किलोमीटर. मॉस्को टप्प्यात आणायचं तर बोटीला नॉर्वेजवळच्या किंवा भूमध्य समुद्रात जाऊन बसावं लागायचं. अमेरिकेतून तिथे जाण्या-येण्यातच गस्त संपायची, म्हणून स्कॉटलंडमध्ये होली लॉक, स्पेनमध्ये रोटा असे परदेशी तळ घ्यावे लागले. १९७९ मध्ये ट्रायडंट आलं, पल्ला सात हजारांच्या वर गेला आणि लपायला एकदम अख्खा अटलांटिक मिळाला. रोटा त्याच वर्षी सुटलं, होली लॉक १९९२ मध्ये. पल्ला वाढला की लांबचं लक्ष्य मिळतं हे सगळेच सांगतात. लपायचं अंगण केवढं वाढतं ते फार थोडे सांगतात.

रशियनांनी तर दिशाच बदलली. त्यांच्या जुन्या बोटींना अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जावं लागायचं, वाटेत समुद्रतळावर अमेरिकेने पसरलेले कान. १९७० च्या दशकात डेल्टा वर्ग आला तसं घरच्या बॅरेंट्स समुद्रातूनच अमेरिका टप्प्यात आली. मग लपण्यापेक्षा राखण करणं सोपं : आपल्याच समुद्रात बोटी ठेवायच्या आणि भोवती बाकी नौदलाचा पहारा. बालेकिल्ल्याचं तंत्र.

याच फूटपट्टीने भारताकडे बघा. अरिहंतने पहिली प्रतिरोधक गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. तिच्यावरच्या के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला ७५० किलोमीटर, त्याने बंगालच्या उपसागरातून फार काही साधत नाही. लक्ष्य गाठायचं तर परक्या किनाऱ्याच्या जवळ जायचं, म्हणजे जिथे सापडायची शक्यता जास्त तिथेच. ३,५०० किलोमीटरच्या के-४ ने हे चित्र बदलतं. 'आधी वापरणार नाही' असं धोरण असलेल्या देशाला तर दुसरा फटकाच सगळं काही. आधी मारायचंच नाही म्हटल्यावर मार खाऊन उरणारी गोष्ट हवीच.

यंत्रघर

जुन्या रशियन बोटींवरून आठवलं. 'के-२१९' ही त्याच पिढीतली, तोकड्या पल्ल्यामुळेच ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्म्युडाजवळ फिरत होती. क्षेपणास्त्रांत द्रव इंधन. एका नळीत समुद्राचं पाणी शिरलं, रसायनांशी संयोग झाला आणि स्फोट. नंतर भट्टी आपोआप बंद होईना. सर्गेई प्रेमिनिन नावाचा विशीतला खलाशी त्या उष्णतेत आत शिरला आणि नियंत्रक दांडे हाताने फिरवून खाली सोडले. काम झालं, पण दाबातल्या फरकामुळे दार उघडेना. तो आतच राहिला. बोट तीन दिवसांनी बुडाली, क्षेपणास्त्रांसकट, आणि अजून तिथेच तळाशी आहे. पोलारिसवाल्यांनी पहिल्यापासून घन इंधनाचा हट्ट का धरला होता ते यावरून कळतं.

शंकासुर

अणुरेणू, यंत्रघर, भरपूर नवं मिळालं. तरी माझी शंका जुनीच. आता पाण्याखालचे ड्रोन आलेत, उपग्रह आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. समुद्र पारदर्शक झाला की तुमचं हे लपणं संपलं. मग या बोटी म्हणजे एका टोपलीत ठेवलेली सगळी अंडी.

खोलदरिया

महासागरांचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातला फार थोडा भाग जरी बोटीच्या वाट्याला आला तरी ड्रोन किती सोडणार? चुंबकीय संवेदक बोटीच्या वर साधारण किलोमीटरभराच्या आत असतील तरच उपयोगी. रडार आणि प्रकाश पाण्यात फार खोल जात नाहीत, उरतो आवाज, आणि तो वरचेवर कमीच होतोय. शिवाय एकदा चाहूल लागणं वेगळं, आठवडेच्या आठवडे मागावर राहणं वेगळं, आणि गस्तीवरच्या सगळ्या बोटी एकाच तासात बुडवणं त्याहून वेगळं. पहिला घाव घालणाऱ्याला हे तिसरं जमायला हवं.

पण धोका नाही असं मी म्हणत नाही. तो भर समुद्रात शोधू नका, बंदराच्या तोंडाशी शोधा. बोट कधी ना कधी तळावरून निघणार, उथळ पाण्यातून जाणार, आणि तो तळ सगळ्यांना माहीत आहे : ब्रिटनचा फास्लेन, फ्रान्सचा ब्रेस्टजवळचा ईल लाँग, चीनचा हायनान बेटावरचा. शत्रूची शिकारी पाणबुडी तिथे दबा धरून बसली आणि तिथूनच शेपटीला लागली की खेळ संपला. म्हणून निघताना आपल्या शिकारी पाणबुड्या आणि विमानं आजूबाजूचं पाणी झाडून काढतात. हे काम रटाळ आहे आणि बातमीत येत नाही. ज्या नौदलाकडे ते करायला पुरेशी जहाजं-विमानं नाहीत, त्याची एसएसबीएन कितीही महाग असो, मला तिची खात्री वाटत नाही.

अणुरेणू

एक खडा मीही टाकतो, कारण इथे सगळे पाणबुडीला 'फक्त प्रत्युत्तराचं शस्त्र' धरून चाललेत. ट्रायडंट-२ मध्ये क्षेपणास्त्र उडताना तारे पाहून आपली दिशा सुधारतं. त्यामुळे ते लक्ष्यापासून शे-सव्वाशे मीटरच्या आत पडतं असं मानतात. शहर उडवायला एवढी अचूकता लागत नाही. ती लागते शत्रूच्या क्षेपणास्त्र-विहिरी फोडायला, म्हणजे पहिल्या फटक्याला. आणि किनाऱ्याजवळून डागलं तर इशाऱ्याला वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मॉस्को किंवा बीजिंगमध्ये बसलेल्याला अमेरिकन बोट 'स्थैर्य' देणारी कशी वाटेल?

त्यात २०२० मध्ये अमेरिकेने काही ट्रायडंटवर कमी शक्तीचं अण्वस्त्र बसवल्याचं जाहीर केलं. डागलं तर समोरच्याला रडारवर कसं कळणार की हे छोटं आहे की मोठं? आणि एकच छोटं अस्त्र डागून बोटीने आपली जागा उघड करायची, आतली बाकीची क्षेपणास्त्रं धोक्यात घालायची, हा कुठला व्यवहार?

शंकासुर

अणुरेणू, टाळ्या. माझ्या मनातलं बोललात.

खोलदरिया

अणुरेणूंच्या दुसऱ्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण मलाही तो निर्णय धड वाटत नाही. जिचं सगळं मोल लपण्यात आहे तिला लढाईतल्या बारीकसारीक कामाला जुंपू नये. अचूकतेबद्दल मात्र एवढंच : तेच अस्त्र मोठ्या संख्येने एका देशाकडे असणं आणि जेमतेम चार बोटींच्या देशाकडे असणं यात फरक आहे. चार बोटींवाला विहिरी फोडायला निघूच शकत नाही.

नुसताच_वाचक

रुमाल उचलतो. प्रश्न बाळबोध आहे, हलकेच घ्या. चारच बोटी का? ब्रिटन चार, फ्रान्स चार. तीन का नाहीत? पैसे वाचतील की.

खोलदरिया

बाळबोध कसला, सगळ्या गोष्टीचं गणित यातच आहे. एक बोट गस्तीवर. एक नुकतीच परतलेली, तिची डागडुजी. एक पुढच्या पाळीची तयारी आणि सराव करणारी. आणि एक गोदीत, मोठ्या दुरुस्तीला, वर्षानुवर्षं. म्हणजे चार बांधाव्या तेव्हा एक कायम पाण्यात राहते. ब्रिटनने एप्रिल १९६९ पासून हा क्रम तुटू दिलेला नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

तीनवर काय होतं ते ब्रिटननेच अनुभवलं. याच धाग्यातली 'व्हॅनगार्ड' डिसेंबर २०१५ मध्ये मोठ्या दुरुस्तीला गेली. तीनेक वर्षांचं काम होतं, बाहेर पडली मे २०२३ मध्ये. तेवढा काळ उरलेल्या तीन म्हाताऱ्या बोटींवर भार. दुसरी काही बिघडली की गस्तीवरच्या बोटीला बदली मिळायची नाही, म्हणून तीन महिन्यांच्या गस्ती पाच-पाच महिन्यांच्या पुढे लांबल्या. काठावरचा यांनी सांगितलं ना अन्न संपतं आणि माणसं थकतात, ते इथे येऊन भिडतं. आणि इतकं करून 'व्हॅनगार्ड'ने जानेवारी २०२४ मध्ये चाचणीसाठी ट्रायडंट डागलं, ते जवळच समुद्रात पडलं. आधीची २०१६ ची चाचणीही फसली होती.

अमेरिका ओहायोच्या १४ बोटींच्या जागी कोलंबिया वर्गाच्या १२ बांधतेय. त्यांची भट्टी बोटीच्या पूर्ण आयुष्याला पुरेल अशी आहे, मध्येच इंधन बदलायला वर्षानुवर्षं गोदीत जायला नको. म्हणून १२ बोटींत १४ चं काम भागेल असा हिशेब. ब्रिटनच्या नव्या ड्रेडनॉट वर्गाचीही भट्टी तशीच, तरी बोटी चारच ठेवल्यात.

शंकासुर

म्हणजे एवढा खर्च करून एका वेळी पाण्यात एकच बोट, आणि क्षेपणास्त्राची चाचणी दोनदा फसलेली. शत्रूला जरब बसते हे कशावरून? युद्ध झालं नाही यावरून? ते तर इतर शंभर कारणांनीही झालं नसेल.

खोलदरिया

सिद्ध करता येत नाही, मान्य. पण शत्रूच्या जागी बसून बघा. क्षेपणास्त्र फसण्याची शक्यता कितीही असो, तिच्या भरवशावर तुम्ही आपली शहरं पणाला लावाल का? तुम्ही ज्या एका बोटीला हसताय ती बंदरात बांधलेली असती तर तुमचं उत्तर कदाचित 'हो' आलं असतं.

बिनतारी

आणि तिच्या तारेवर निरोप पोचत असेल तर, हे विसरू नका. ई-६बी म्हातारी झालीत. अमेरिकेने आता हे काम सी-१३० च्या सांगाड्यावरच्या नव्या विमानांकडे द्यायचं ठरवलंय. त्यावर वेगळा धागा काढू का? जड होईल, पण कुणी वाचणार असेल तर लिहितो.

कालिंदी

काढा की! तार मागे गुंडाळून कशी घेतात तेही लिहा.